डिस्कची वाटणी कशी करावी?
धारवाडच्या आयआयटीत किंवा ट्रिपल आयटीत निघालेल्या मुलाच्या लॅपटॉपवर विंडोजसोबत लिनक्सही घालायचं असेल, तर वाटणी आधीच ठरवा. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबीच दिसते. हिशेब तिथून धरा. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी लागतात, पण अपडेट आणि सॉफ्टवेअर धरून सी ड्राइव्हला दीडशे द्या. लिनक्सला साठ पुरतात. उरलेली सगळी जागा एकाच डेटा ड्राइव्हला, तीही एनटीएफएसमध्ये, म्हणजे फायली दोन्हींकडून उघडतील. उगाच पाच-सहा तुकडे नकोत. एक भरून वाहतो, दुसरा रिकामा पडून राहतो. आणि डी ड्राइव्हवरची प्रत म्हणजे बॅकअप नव्हे! डिस्क गेली की दोन्ही गेलं. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, तोही वाटणीला हात घालण्याआधी.