प्राणहितेची नारळी पौर्णिमा

नारळी पौर्णिमा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कोकणचा किनारा उभा राहतो. आषाढात खवळलेला दर्या श्रावणात निवू लागतो, कोळी बांधव त्याला श्रीफळ अर्पण करतात आणि होड्या पाण्यात लोटतात. परंतु समुद्रापासून शेकडो कोस दूर, आलापल्लीच्या सागवनाच्या आसमंतात राहणाऱ्या ढिवरांचे पंचांग नेमके उलटे आहे. दर्या निवतो त्याच दिवसांत त्यांची प्राणहिता भराला येते.

वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून चपराळ्याजवळ ही नदी सिद्ध होते. वैनगंगा मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यातून येते, वर्धा बैतूल जिल्ह्यातून. त्यामुळे येथील संकट येथल्याच आभाळात जन्मावे, असे नाही. पाऊस दूर उगमाकडे कोसळतो, गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडतात आणि येथे स्वच्छ उन्हात पाणी चढू लागते.

काही वर्षांपूर्वी अहेरीजवळ आम्ही एका वृद्ध ढिवराच्या डोंग्यात बसलो होतो. ऊन पडले होते. आम्ही निर्धास्त होतो. बाबांची नजर मात्र काठावर रोवलेल्या खुंटीकडे होती. ती निम्मी बुडाली होती. "बाबूजी, आभाळ नका पाहू, पानी पाहा," ते म्हणाले. पाणी गढूळले होते. त्यावर फेस आणि पाचोळा वाहू लागला होता. ते जाळे ओढू लागले, तोच वारा उठला आणि प्रवाहाबरोबर आलेला एक ओंडका जाळ्यात अडकला. डोंगा कलला, पाणी आत आले. बाबांनी क्षणभरही विचार न करता कोयत्याने जाळ्याची दोरी तोडली.

काठाला लागल्यावर आम्ही हळहळलो. ते जाळे म्हणजे त्यांच्या घरची चूल होती. ते मात्र शांतपणे म्हणाले, "जाळं पुन्हा विनता येते, बाबूजी."

या शब्दांचे मोल नदीकाठी सर्वांना ठाऊक आहे. 1986 साली नारळी पौर्णिमेच्या तीनच दिवस आधी, 16 ऑगस्टला, प्राणहितेचे पाणी पोटात घेऊन गेलेल्या गोदावरीने भद्राचलम येथे 75.6 फुटांची पातळी गाठली होती. घात होण्यास पूरच लागतो, असेही नाही. जानेवारी 2024 मध्ये, भर हिवाळ्यात, चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ मिरची तोडणीस निघालेल्या मजूर स्त्रियांची नाव वैनगंगेत उलटली व त्यांना जलसमाधी मिळाली.

तेव्हा वाचकहो, आज दर्याला श्रीफळ वाहताना एक मागणे प्राणहितेच्या काठासाठीही मागू या. उगमाकडील पावसाची आणि उघडलेल्या दरवाजांची वर्दी घाटावरच्या शेवटच्या डोंग्यापर्यंत वेळेवर पोहोचो. आणि ती न पोहोचलीच, तर जाळे तोडण्याची बुद्धी प्रत्येक हाताला वेळेवर होवो.