सेवासंस्थेची धुरा कोण वाहतो?

बंगळूर शहराच्या वायव्य भागात राजाजीनगर ही जुनी वसाहत आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४९ च्या सुमारास, कारखान्यांतील कामगारांना घरे मिळावीत या हेतूने तिची आखणी झाली आणि चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव तिला देण्यात आले. या वसाहतीत एक टेकडी आहे. टेकडीवर कृष्णाचे मोठे मंदिर आहे आणि मंदिराच्या आवारात एक स्वयंपाकघर आहे. शहर झोपेत असतानाच तेथील बाष्पपात्रांखाली वाफ सोडली जाते. उजाडल्यावर भाताची आणि सांबाराची भरलेली भांडी घेऊन गाड्या टेकडी उतरतात व सरकारी शाळांकडे निघतात. सरकारी कामानिमित्त मी या शहरात राहू लागलो तेव्हा या गाड्यांकडे प्रथम कौतुकाने पाहिले. पुढे आमच्या पेशातल्या माणसाला सुचावा असा एक प्रश्न मनात आला. या कामाचा धनी कोण? चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा?

हा प्रश्न वाटतो तितका रुक्ष नाही. दुकानदाराचा माल वाईट निघाला, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. सरकार चुकले, तर मतदार पुढच्या निवडणुकीत त्याची आठवण ठेवतो. धर्मादाय संस्थेत मात्र पैसा देणारा एक, काम करणारा दुसरा आणि लाभ घेणारा तिसरा. देणारा दूर असतो, अनेकदा परदेशात असतो. त्याला काम दिसत नाही, अहवाल दिसतो. घेणाऱ्याला काम दिसते, पण त्याने काही दिलेले नसल्यामुळे बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्याला वाटत नाही.

याचा पहिला धडा मला नोकरीच्या आरंभी मिळाला. एका दुष्काळी तालुक्यात फिरत असताना एका घरात, धान्याच्या पोत्यांआड, एक नवे कोरे शिवणयंत्र मी पाहिले. परदेशी देणगीतून एका संस्थेने गावातल्या बारा स्त्रियांना अशी यंत्रे वाटली होती. गावात शिवायला कापड नव्हते आणि शिवून घेणारेही नव्हते. "मग तुम्ही नको का म्हटले नाही?" असे मी त्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "साहेब, देणाऱ्याला नको कसं म्हणायचं?" संस्थेचा अहवाल मी पुढे पाहिला. यंत्रांची संख्या बरोबर होती, हिशेब चोख होता, छायाचित्रेही होती. त्या बाईंचे उत्तर तेवढे त्यात नव्हते.

देणारा आणि घेणारा यांच्यामधली ही पोकळी भरून काढण्यासाठी कायद्याने विश्वस्त नावाची व्यक्ती कल्पिली आहे. विश्वस्त हा मालक नव्हे. मालमत्ता त्याच्या हाती असते, पण तिचा उपभोग त्याला घेता येत नाही. ज्यांच्यासाठी ती ठेवली आहे त्यांच्या हितासाठीच ती त्याने वापरावयाची असते. आपल्याकडे १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने धर्मादाय आयुक्ताचे पद निर्माण केले, आणि अशा न्यासांची नोंदणी व हिशेबतपासणी त्याच्या देखरेखीखाली आणली. हाच कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. विश्वस्तांच्या खाली कार्यकारी मंडळी असतात, म्हणजे संचालक, हिशेबनीस आणि क्षेत्रावरील सेवक. विश्वस्तांनी दिशा ठरवावी व तपासणी करावी, कार्यकारी मंडळींनी काम करावे, असा हा विभाग आहे. संस्था लहान असते तेव्हा मात्र तो बहुधा कागदावरच राहतो. संस्थापक हाच अध्यक्ष, तोच संचालक आणि पुष्कळदा तोच गाडीचा चालकही. आरंभीच्या काळात त्याखेरीज गत्यंतरही नसते. अडचण उभी राहते ती संस्था वाढू लागल्यावर.

राजाजीनगरच्या टेकडीवरील अक्षयपात्र प्रतिष्ठान हे या वाढीचे बोलके उदाहरण आहे. २००० साली ते सुरू झाले तेव्हा बंगळूरमधील पाच सरकारी शाळांतील दीड हजार मुलांना दुपारचे जेवण देणे एवढेच त्याचे काम होते. पुढे २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश राज्यांना दिला आणि या कामाला सरकारी योजनेचा आधार मिळाला. धान्य आणि खर्चाचा काही भाग सरकार देते, उरलेला देणग्यांतून उभा राहतो. आज हे प्रतिष्ठान अनेक राज्यांत मिळून रोज वीस लाखांहून अधिक मुलांना जेवू घालते. चार अब्ज थाळ्यांचा टप्पा गाठल्यानिमित्त २०२४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात समारंभ झाला.

या कामाच्या अग्रभागी असलेली माणसे दोन निरनिराळ्या जगांतून आली होती. अध्यक्ष मधु पंडित दास हे पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून स्थापत्य अभियांत्रिकी शिकून बाहेर पडलेले आणि पुढे धर्मकार्याला वाहून घेतलेले गृहस्थ. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. दुसरीकडे टी. व्ही. मोहनदास पै यांच्यासारखे उद्योगक्षेत्रातील अर्थतज्ज्ञ होते. पहिल्या वर्गाने पूर्णवेळ माणसे, शिस्त आणि कामावरील निष्ठा आणली. दुसऱ्याने हिशेबाची काटेकोर पद्धत, लेखापरीक्षण आणि वार्षिक अहवाल सर्वांसमोर ठेवण्याचा प्रघात आणला. हजाराहून अधिक लिटर सांबार एका वेळी शिजवणाऱ्या पात्रांचे आपण कौतुक करतो. परंतु देणगीदाराचा विश्वास त्या पात्रांइतकाच हिशेबाच्या वह्यांवरही उभा असतो.

महाराष्ट्राला हा संयोग अपरिचित नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात अल्प वेतनावर सुमारे वीस वर्षे अध्यापन केले, आणि १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन करताना आजीव सेवकाची हीच कल्पना त्यांनी सार्वजनिक जीवनात आणली. हेच गोखले कायदेमंडळात अंदाजपत्रकातील आकड्यांची चिकित्सा करीत. त्याग आणि हिशेब यांत त्यांना विरोध दिसला नाही.

परदेशातून साहाय्य घेणाऱ्या संस्थेत आणखी एक पदर असतो. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये देणग्या गोळा करावयाच्या, तर त्या देशाच्या कायद्याप्रमाणे तेथे स्वतंत्र संस्था आणि स्वतंत्र संचालक मंडळ असावे लागते. अक्षयपात्रानेही या दोन्ही देशांत अशा संस्था उभ्या केल्या. ही मंडळे आपल्या देशातील देणगीदारांना जबाबदार असतात. इकडे भारतात परकीय देणग्यांवर १९७६ पासून कायद्याचे नियंत्रण आहे. त्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली आणि २०२० च्या दुरुस्तीने ते अधिक कडक झाले. आता परदेशी देणगी प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील ठरावीक शाखेतच जमा व्हावी लागते. प्रशासनावरील खर्चाची मर्यादा निम्म्यावरून शेकडा वीसवर आली आहे, आणि एका संस्थेने परकीय निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई आहे. सरकारचा सेवक या नात्याने नियमांची आवश्यकता मी जाणतो. तथापि, मोठ्या संस्थेमार्फत चार पैसे मिळवणाऱ्या खेड्यातील लहान संस्थेला या शेवटच्या नियमाचा भार अधिक जाणवतो, हेही मान्य केले पाहिजे. मोठ्या संस्थेला हे सारे सांभाळायला वेगळा विभाग ठेवता येतो. लहान संस्थेचा संचालक तेच काम रात्री, कंदील विझवण्यापूर्वी करतो.

मग विश्वस्त आहेत, लेखापरीक्षक आहेत, दोन-तीन देशांचे कायदे आहेत, एवढ्याने धुरा नीट वाहिली जाईल काय? अनुभव असा की, नियम हे केवळ कुंपण आहे. २०२० साली अक्षयपात्राच्या काही स्वतंत्र विश्वस्तांनी राजीनामे दिले. त्यांत आरंभापासून साथ देणारे मोहनदास पै होते. कारभाराच्या पद्धतीविषयीचे मतभेद त्या वेळी वृत्तपत्रांतून चर्चिले गेले. त्यात कोणाची बाजू खरी, याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही आणि माझा तो हेतूही नाही. संस्थेचे काम पुढे चालू राहिले. मला त्यातून दिसते ते एवढेच, की एकाच संस्थेत श्रद्धेने आलेला विश्वस्त आणि हिशेबाने आलेला विश्वस्त यांनी एकमेकांना प्रश्न विचारत राहावे लागते, आणि ते प्रश्न दरवेळी सुखाचे नसतात. ज्या मंडळात प्रत्येक ठराव एकमताने होतो, त्याच्या इतिवृत्ताकडे मी नेहमीच थोड्या सावधपणे पाहत आलो आहे.

याहून अवघड प्रश्न जेवणाऱ्यांचा आहे. या स्वयंपाकघरात कांदा-लसूण वापरला जात नाही. कर्नाटकात २०१९ च्या सुमारास त्यावरून बराच वाद झाला. पोषणमूल्य सरकारी निकषांप्रमाणेच आहे, असे संस्थेचे म्हणणे होते. मुलांच्या घरच्या चवीशी जेवण जुळत नाही, म्हणून ती पोटभर जेवत नाहीत, असे टीकाकारांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंनी जाणकार माणसे बोलली. पण ज्यांच्या ताटासंबंधी हा वाद होता, ती मुले आणि त्यांच्या आया यांचा आवाज त्यात कितीसा ऐकू आला? पोत्यांआडचे ते शिवणयंत्र मला येथे पुन्हा आठवते.

हा आवाज ऐकण्याची वाट महाराष्ट्रातच एका जोडप्याने दाखवली आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी वेल्लोरला वैद्यकीचे आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले, आणि १९७० साली अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. संस्था लहान होती आणि तिला परदेशातून साहाय्य होते. लोकांना काय हवे, असे या डॉक्टरांनी विचारले, तेव्हा त्या दुष्काळी वर्षांत उत्तर आले, पाणी आणि अन्न. औषधांची पेटी त्यांनी थोडी बाजूला सारली आणि विंधनविहिरींच्या कामाला हात घातला. त्या विहिरी दलित वस्तीत घेतल्या गेल्या. त्यामुळे पाण्यासाठी साऱ्या गावाला त्या वस्तीत यावे लागले.

पुढे प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत रुजेनात, तेव्हा आरोळ्यांनी गावांनी निवडलेल्या स्त्रियांनाच आरोग्यसेविका केले. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. जामखेडला येऊन त्या शिकत, परत जाऊन गावाला शिकवीत, आणि खेड्यात काय चालले, काय फसले, हे डॉक्टरांना येऊन सांगत. डॉक्टरांना "हे आमच्याकडे चालणार नाही" असे तोंडावर सांगू शकणारी बाई जेथे तयार होते, तेथे विश्वस्त या शब्दाला खरा अर्थ येतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडच्या कामाचा समावेश झाला, आणि १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९९ मध्ये मेबलताई गेल्या, २०११ मध्ये डॉ. रजनीकांतही गेले. काम मात्र चालू राहिले. त्यांच्या मुलांनी ते पुढे नेले हे खरे, पण त्याआधीच ते गावोगावच्या स्त्रियांच्या हाती पोचलेले होते.

टेकडीवरच्या स्वयंपाकघरातून लाखो मुलांना जेवण जाते आणि जामखेडच्या वाटेने तेवढ्या लवकर तेवढे साधत नाही, हे मी जाणतो. भुकेल्या मुलाला थांबायला सांगता येत नाही. म्हणून एकाला थोर आणि दुसऱ्याला लहान ठरवण्यात अर्थ नाही. मात्र कोणत्याही सेवासंस्थेने आपणापुढे हात पसरला, तर देण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हिशेब कोण तपासतो आणि तो सर्वांना पाहायला मिळतो काय? संस्थेच्या प्रमुखाला "नाही" म्हणू शकणारे कोणी मंडळात आहे काय? आणि ज्यांच्यासाठी काम आहे त्यांच्यापैकी कोणी निर्णयाच्या वेळी हजर असते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अहवालात मिळते. दुसऱ्याचे विश्वस्तांच्या यादीतून थोडेफार कळते. तिसऱ्यासाठी मात्र स्वतः गावात किंवा शाळेत जावे लागते.

महाभारतातील अक्षयपात्राची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. सूर्याने पांडवांना वनवासात दिलेले ते पात्र द्रौपदीचे जेवण होईपर्यंत रिते होत नसे. म्हणून अतिथी, ब्राह्मण, पती, सर्वांची जेवणे झाल्यावर ती जेवत असे. वाढणाऱ्याने शेवटी जेवावे, हा त्या कथेतला नियम पुढारीपणाला चांगलाच लागू पडतो. आणखी एक गोष्ट आपल्या प्रत्येक घरातील वाढणारी बाई न शिकवता करते. वाढताना ती पानाकडे पाहतेच, पण जेवणाऱ्याच्या तोंडाकडेही पाहते आणि विचारते, मीठ बरोबर आहे ना?