शॅलट : नाम, जाती व पाकोपयोग

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील अस्कालोन या प्राचीन नगरावरून 'शॅलट' हे नाम आले. जुन्या ग्रंथांत ही स्वतंत्र जाती मानलेली आढळते. वस्तुतः हा सामान्य कांद्याचाच, गुच्छाने वाढणारा प्रकार होय. फ्रान्समधील करडा शॅलट मात्र 'ॲलियम ओशानिनी' या मध्य आशियाई जातीचा आहे.

पाकक्रियेत चिरण्याच्या रीतीस महत्त्व आहे. पेशी फुटताच विकर व गंधकयुक्त द्रव्ये एकत्र येऊन उग्र गंध उत्पन्न होतो. तमिळनाडूत 'चिन्न वेंगायम्' सांबारात अखंड शिजवितात. तेथे उष्णतेने विकर आधीच निष्क्रिय होऊन गोडी उरते. उलट, फ्रेंच बेअर्नेज सॉससाठी तो बारीक चिरून व्हिनेगरमध्ये आटवितात.

सारांश, केवळ बाजारातील नामावरून नमुन्याची जाती नोंदविणे अभ्यासकास घातक ठरेल.