खापराचा छेद

भोकरदनच्या पांढरीखाली दोन हजार वर्षांपूर्वीचं नगर आहे. सातवाहनकाळात त्याचं नाव भोगवर्धन; सांची आणि भारहुतच्या स्तूपांवरच्या दानलेखांत ते कोरलेलं आहे. जालना जिल्ह्यात, केळणा नदीकाठच्या या गावात १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून उत्खनन केलं. शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांचा अहवाल पुढच्याच वर्षी छापून आला.

अशा खोदकामात नाणी मोजकी मिळतात, खापरं मात्र पाट्या भरभरून निघतात. मडकं फुटतं, पण खापर कुजत नाही. शिवाय काठाची घडण काळागणिक बदलत जाते, म्हणून थराचं वय ठरवताना पहिला आधार खापराचाच. तो घ्यायचा तर खापर आधी कागदावर उतरवावं लागतं.

धुऊन, वाळवून, शाईने क्रमांक घातलेला काठाचा तुकडा सपाट टेबलावर उपडा धरतात. काठ सगळीकडून टेकेपर्यंत, खालची उजेडाची फट बुजेपर्यंत, तो हलक्या हाताने कलवत राहायचं. भांडं अखंड होतं तेव्हा त्याची भिंत कोणत्या कोनात उभी होती, ते इथे कळतं. मग एका केंद्राभोवती काढलेल्या वर्तुळांच्या तक्त्यावर तुकडा सरकवत न्यायचा. ज्या वर्तुळाशी काठ बसला, तो तोंडाचा व्यास. जाडी जागोजागी कॅलिपरने मोजतात, बाहेरचा बाक प्रोफाईल गेजच्या सरकत्या सुयांवर उमटवून घेतात. शेवटी आलेखाच्या कागदावर मधोमध उभी रेघ येते. तिच्या एका अंगाला भिंतीचा काळा भरलेला छेद, दुसऱ्या अंगाला बाहेरून दिसणारं रूप.

या सगळ्यात जीव त्या कोनात आहे. तो जरा फसला की पसरट थाळीचा खोल वाडगा होतो.

आता हाच छेद संगणकावर घ्यायचा. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ गिरवून ती मधल्या अक्षाभोवती ३६० अंश फिरवली की पडद्यावर अख्खं भांडं उभं राहतं. भांडं मुळात चाकावर घडलं म्हणूनच हे जमतं. तोटी, मूठ किंवा आतून दगड धरून बाहेरून फळीने थापटलेलं बुड असेल, तर नुसतं फिरवून मिळणारं मॉडेल खोटं गुळगुळीत होतं. थापटल्याच्या खुणा, ओला हात फिरल्याच्या रेघा रेखाटणाऱ्याने टिपल्या असतील तरच त्या मॉडेलमध्ये येतात. स्कॅनर पृष्ठभाग उत्तम मोजतो; पण काठ कुंभाराने आत वळवला की वापराने झिजला, याचा निवाडा खापर बोटांत फिरवून पाहणाऱ्यालाच करावा लागतो. पेन्सिल टेकवण्याआधी तो करावाच लागतो, हे रेखाटनाचं मोठं बळ.

एकदा नीट काढलेला छेद किती वर्षं कामाला येतो, याचं उदाहरण अरिकामेडूचं. पुद्दुचेरीजवळच्या या बंदरात मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५ साली उत्खनन केलं आणि तिथली खापरं प्रकारवार क्रमांक देऊन, छेदांसह ‘एन्शन्ट इंडिया’त छापली. आजही चक्राकार टोचणनक्षीची थाळी कुठे मिळाली, तर अभ्यासक तिची तुलना ‘अरिकामेडू प्रकार १’शी करतात. इटलीतल्या पिसा विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१६ ते २०१९ दरम्यान चाललेल्या आर्कएड प्रकल्पात जुन्या सूचींमधल्या अशाच छापील रेखाटनांवरून संगणकाला खापरं ओळखायला शिकवलं गेलं.

भोकरदनात मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीच्या भग्न अवशेषापुढे मात्र अक्षाभोवती फिरवण्याची युक्ती चालत नाही. १९३८ साली पॉम्पेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं साम्य आहे. त्यावरून पॉम्पेईची मूर्ती भोकरदन परिसरातच घडली असावी, असा तर्क अभ्यासक मांडतात. ती मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे, त्यामुळे दोन्ही एका टेबलावर येणं कठीण. अशा वेळी समोरून, मागून आणि दोन्ही कुशींनी मोजून काढलेली रेखाटनं एकाच मापात शेजारी मांडता येतात, आणि मॉडेल त्यांच्यावरून उभं करता येतं.