‘त्या’ आणि ‘या’ : एक अपपाठ

व्हर्जिनिया वुल्फने २८ मार्च १९४१ रोजी आपल्या जीविताचा अंत केला. पतीसाठी ठेवलेल्या पत्रात तिने ‘त्या’ भयंकर काळाचा उल्लेख केला होता. मृत्यूच्या चौकशीनंतर वृत्तपत्रांनी तो छापला ‘या’ भयंकर काळाचा म्हणून. पाठभेद एका दर्शकाचाच. पण त्याने सारा अर्थ फिरला. ‘त्या’चा रोख तिच्या पूर्वीच्या मानसिक आजाराकडे होता. ‘या’ म्हणताच तो चालू महायुद्धाकडे वळला, आणि देशावर बाँब पडत असता एका लेखिकेने धीर सोडला, असा ठपका तिच्यावर आला. ‘संडे टाइम्स’मध्ये एका बिशपच्या पत्नीने त्या अर्थाचे पत्रही लिहिले. लेनर्ड वुल्फने उत्तरादाखल मूळ पाठ सांगितला. युद्धाचा ताण इतरांप्रमाणे तिच्यावरही होता व आजार उलटण्यास तो अंशतः कारण झाला असावा, हे मात्र त्याने नाकारले नाही.

असे अपपाठ बहुधा वाचकाच्या मनात अर्थ आधीच ठरलेला असल्यामुळे संभवतात. आत्महत्येविषयी तर ते नित्याचेच आहे. लोक बाहेरचे एक कारण शोधतात, परीक्षा, कर्ज, प्रेमभंग. मग ते तोलून क्षुल्लक ठरवितात आणि निकाल देतात : भ्याड. ‘मिसेस डॅलोवे’त (१९२५) युद्धाने मन विदीर्ण झालेल्या सेप्टिमसला त्याचा डॉक्टर नेमके हेच दूषण देतो. स्वतःवर येणारा आरोप लेखिकेने सोळा वर्षे आधीच लिहून ठेवला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा आरोप स्वार्थाचा. वस्तुतः त्या पत्रात तक्रार नाही. पतीविषयीची कृतज्ञता आहे, आणि आपण त्याच्या आयुष्याची नासाडी करीत आहो, ही खात्री. ती खात्री खोटी होती. परंतु आजाराच्या भरात ती अढळ वाटते, आणि आपल्या जाण्याने इतरांचा भार हलका होईल असे त्या माणसास मनापासून वाटते. त्याला हवा असतो तो बहुधा यातनेचा शेवट. जगण्याची ओढ त्याच वेळी शाबूत असू शकते.

विषय काढला तर विचार रुजेल, या भयाने आप्तस्वकीय मौन धरतात. सरळ विचारल्याने तो रुजत नाही, उलट बोलणाऱ्याचे ओझे पुष्कळदा उतरते, असे मानसोपचारतज्ज्ञ सांगतात. एकदा मरणाकडे वळलेले मन परत फिरत नाही, हाही असाच एक समज. वुल्फने १९१३ साली असाच प्रयत्न केला होता, ती वाचली. तिच्या साऱ्या कादंबऱ्या त्यानंतर प्रसिद्ध झाल्या.