थंडीत अडखळणारे इंजिन : आधी निदान, मग पाना



गाळप हंगाम आणि थंडी आपल्याकडे एकाच वेळी येतात. परभणीची थंडी तशी चार दिवसांची पाहुणी. पण आली की हाडे गोठवते. डिसेंबर 2018 च्या अखेरीस येथील कृषी विद्यापीठात पारा 2 अंशांपर्यंत उतरला होता. अशा पहाटे टोळी फडात हजर, मोळ्या बांधून तयार, आणि ट्रॅक्टर मात्र सेल्फ मारून मारून कसाबसा सुरू होतो. सुरू झाला तरी थरथरतो, पांढरा धूर ओकतो, स्लोवर ठेवला की बंद पडतो. तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गव्हाणीत पडावा. उशीर झाला की वजनही घटते आणि साखरही. म्हणून हे दुखणे नीट समजून घेतले पाहिजे.

पुष्कळदा होते असे, की "पंप गेला" म्हणून पंप उतरवला जातो, दोन दिवस आणि बरेच पैसे जातात, अन् दोष निघतो चार पैशांच्या वॉशरमध्ये. रोग हाल्याला, औषध पखालीला! पंप उघडणे हे शेवटचे काम आहे, पहिले नव्हे.

थंडीतच का अडखळते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेट घेते. इंजिन गार असले की ही उष्णता सिलिंडरच्या भिंती शोषून घेतात. त्यात बॅटरी मंद, ऑइल घट्ट, म्हणजे सेल्फ सावकाश फिरतो आणि हवा पुरेशी तापत नाही. मग एखादा सिलिंडर पेटत नाही. यालाच आपण 'मिसिंग' म्हणतो. न जळलेले डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर पडते. थोडक्यात, गरम इंजिन झाकून नेते तो दोष थंडी उघडा पाडते.

आधी पाहा, ऐका, वास घ्या

पांढऱ्या धुराला डिझेलचा वास येतो आणि पाच-दहा मिनिटांत इंजिन गुळगुळीत चालते, तर नोझल, टॅपेट, हिटर किंवा कॉम्प्रेशन यांपैकी काहीतरी कमजोर आहे. सुरू होऊन मिनिटभरात बंद पडते, तर डिझेल पोचत नाही किंवा लाईनीने हवा धरली आहे. पांढरा धूर थांबतच नाही आणि रेडिएटरचे पाणी कमी होते, तर गॅस्केटचा संशय घ्यावा. निळा धूर ऑइल जळत असल्याचा, काळा धूर हवा कमी किंवा डिझेल जास्त असल्याचा.

तपासणीचा क्रम

1) बॅटरी : टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा चुरा गरम पाणी व खाण्याचा सोडा लावून काढा, टर्मिनल घट्ट आवळा. ऑइल पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच वापरा.

2) पाणी : फिल्टरखालच्या बाऊलमधले पाणी सुरू करण्यापूर्वी सोडा. टाकी संध्याकाळीच भरून ठेवा. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री दव धरते. पिंपाच्या तळाचे डिझेल टाकीत ओतू नका.

3) हवा : टाकी ते फीड पंप या भागात बारीक फट असेल, तर डिझेल गळताना दिसेलच असे नाही, तेथून हवा आत ओढली जाते आणि रात्रीतून डिझेल मागे उतरते. कडक झालेली नळी, जुने वॉशर बदला. मग फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे संपून नुसते डिझेल आले की आवळा. नंतर पंपाच्या स्क्रूवर हेच करा.

4) फिल्टर : डिझेलचा आणि हवेचा, दोन्ही. उसाच्या वाहतुकीत पाचट आणि फुफाटा यांनी ते लवकर तुंबतात.

5) हिटर : असेल तर त्याला करंट पोचतो का, हे पाहा.

कोणता सिलिंडर मेला आहे?

साध्या पंपाच्या ट्रॅक्टरवर इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित सैल करतात. आवाज पडला, तर तो सिलिंडर काम करतो. काहीच फरक पडला नाही, तर मिसिंग तिथेच. मग इंजिन बंद करून ते नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहा. मिसिंग नोझलबरोबर सरकले, तर नोझल सेटिंगला द्या. जागेवरच राहिले, तर टॅपेटचे अंतर, व्हॉल्व्ह, रिंगा तपासाव्या लागतील.

हे काम जाणत्याकडूनच करून घ्या. दाबाचे डिझेल कातडीतून आत घुसते; बोट पुढे धरू नका, डोळे जपा. 50 अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना 2023 पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. त्यांतील पुष्कळांत कॉमन रेल यंत्रणा आहे. तिचा नट चालू इंजिनवर कदापि सैल करू नये.

दोन वाईट सवयी

उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडे रीत आहे. थर्मोस्टॅट गार इंजिनाचे पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर तापते. तो नसला की हिवाळ्यात इंजिन तासभर गारच राहते, मिसिंग लांबते, रिंगा झिजतात. रेडिएटर साफ करा, थर्मोस्टॅट जागेवर बसवा.

दुसरी सवय म्हणजे एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणे. त्याने ट्रॅक्टर आणि माणूस दोन्ही धोक्यात येतात, आणि शेजारी पाचटाचा ढीग असतो हेही विसरू नये.

सुरू झाल्यावर लगेच रेस करू नका. दोन-तीन मिनिटे मध्यम गतीवर चालू द्या, मग हलक्या ओझ्याने निघा. पहिली दोन कामे तर रोज घरच्या घरी होण्यासारखी आहेत. ती संध्याकाळी आणि पहाटे नेमाने केली, तर टोळीला ट्रॅक्टरची वाट पाहत शेकोटीशी बसावे लागणार नाही, आणि आपला ऊस ताजा असतानाच काट्यावर चढेल.