बाळहिरड्याचं गाठोडं

आमच्या चऱ्होलीची इंद्रायणी पुढे तुळापूरला भीमेला मिळते. म्हणजे भीमाशंकरच्या डोंगरात पडलेला पाऊस आणि आमच्या घाटावरचं पाणी यांची गाठ घरापासून फार दूर पडत नाही. इतकं जवळचं नातं असूनही आमच्याकडचं कुणी भीमाशंकरला गेलं की तीच तीन वाक्यं घेऊन परततं: दर्शन छान झालं, धुकं फार होतं, शेकरू काही दिसलं नाही.

गेल्या वर्षी श्रावणातली गर्दी ओसरल्यावर मुलगा, सून आणि नातवाबरोबर मीही निघालो. चाकणचे कारखाने आणि कंटेनरच्या रांगा मागे पडल्या. राजगुरुनगरहून वाड्याच्या रस्त्याला लागल्यावर नातवानं विचारलं, "आबा, तिथे बघण्यासारखं काय काय आहे?" मी पाठ असल्यासारखी यादी सांगितली. नाना फडणविसांच्या काळातलं देवळाचं शिखर, चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयाची म्हणून सांगतात ती घंटा, १९८५ साली जाहीर झालेलं सुमारे १३० चौरस किलोमीटरचं अभयारण्य आणि राज्यप्राण्याचा मान मिळालेलं शेकरू. यादी संपली आणि मनात आलं, की या डोंगरात राहणारा एकही माणूस तिच्यात नाही.

मला तरी हे विसरण्याचा अधिकार नव्हता. ऐन तरुणपणी याच पट्ट्यातल्या एका शाखेत मी कर्जाचे अर्ज तपासत असे. एके दिवशी वरच्या वाडीतले एक महादेव कोळी बाबा बैलासाठी कर्ज मागायला आले. उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहू, असं विचारल्यावर त्यांनी धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं माझ्या टेबलावर सोडलं. आत काळेभोर, सुरकुतलेले बाळहिरडे होते. "सायेब, कागदात बसत नसंल तर ह्ये बगा," ते म्हणाले. रकाना उसाला होता, कांद्याला होता, दुधाला होता. मी लिहिलं, 'खात्रीचे उत्पन्न नाही', आणि सही केली. बाबांनी एकेक हिरडा वेचून पुन्हा गाठोड्यात बांधला. टेबलावर एकही राहू दिला नाही.

तो हिरडा काय आहे, हे मला पुढे कळलं. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातली ही झाडं चैत्र-वैशाखात कोवळ्या फळांनी लगडतात. ती पिकण्याआधी उतरवायची, उन्हात खडखडीत वाळवायची आणि पावसाच्या आत विकायची. औषधाला, कातडी कमावायला, रंगाला हिरडा लागतो. भात, नाचणी, वरई घरच्या पोटाला होते. रोकड हातात येते ती बहुतेक या फळातूनच. बियाणं, पोरांच्या वह्या, लग्नाची उधारी, सगळं त्यावर. आजोबांपासून घर चालवणाऱ्या झाडाला मी बेभरवशाचं ठरवलं होतं. (जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानं ही झाडं मोडली, तेव्हा हिरड्याची नुकसानभरपाई हा विषय वर्तमानपत्रांत आला. शहरातल्या अनेकांनी तो शब्द त्रिफळा चूर्णाच्या डबीबाहेर तेव्हाच प्रथम वाचला असेल.)

आपण ज्या गर्द झाडीचे फोटो काढतो, तिच्यातही या लोकांचा हात आहे. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा नेम कुठल्याही अभयारण्याच्या कायद्याहून जुना. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा इतरत्र दुर्मीळ झालेली झाडं त्यांना तिथे आढळली. पडकई म्हणजे काय, हेही विचारून बघा. उतारावर बांध घालून भातखाचर काढायचं काम एका घराचं नसतं. वाडीतली घरं आळीपाळीनं एकमेकांच्या शेतावर राबतात. वसुबारसेला आपण गाय-वासरू पुजतो, तेव्हा डोंगरातले गुराखी वाघबारस करून वाघोबाला नैवेद्य दाखवतात. गुरं राखायची तर वाघाशीही बोलणं ठेवावं लागतं.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरूत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवरच्या टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे. पाहुणे येऊ लागले तेव्हा तिथल्या विणकर लोकांनी होड्या स्वतः चालवल्या आणि पाहुण्यांना आपल्याच घरांत पाळीपाळीनं उतरवलं. त्यांच्या विणकामाचा २००५ साली युनेस्कोनं गौरव केला. पुढे बाहेरच्या कंपन्यांच्या होड्या आल्या आणि कमाईचा मोठा वाटा किनाऱ्यावरच राहू लागला, ही गोष्टही तितकीच खरी. पण पाळी लावायची कल्पना मला ओळखीची वाटली. पडकईवाल्यांना ती शिकवायला कुणी जायला नको.

देवदर्शनानंतर परतीच्या वाटेवर एका छपराखाली चहाला थांबलो. चहा देणाऱ्या बाईंच्या मागे पाटीत बाळहिरडे होते. मी अर्धा किलो मागितले आणि शंभराच्या दोन नोटा पुढे केल्या. त्यांनी तागडीत काटेकोर तोलून दिले आणि एक नोट परत केली.

"राहू द्या हो," मी म्हटलं.

"कशापायी? मालाचं झालं तेवढं घेतलं." मग नातवाकडे बघून म्हणाल्या, "पोराला घिऊन चैतात या, बाबा. तवा धुकं नसतंय, हिरडा झाडाव असतोय."